हाताबाहेरच्या गोष्टी आणि चालू भांडणं: मन ताळ्यावर ठेवायला नेमकं काय करायचं?

कोरा कागद

"सोडून दे, आपल्या हातात काय आहे?" हे वाक्य प्रत्येकाने ऐकलेलं असतं आणि कुणाला तरी ऐकवलेलंही असतं. सल्ला चुकीचा नाही, पण सोडायचं म्हणजे सकाळी उठून काय करायचं हे त्यात येत नाही. तपासणीचा अहवाल यायचा आहे, खटल्यात तारखांवर तारखा पडताहेत, नोकरीत कपातीची कुजबुज चालू आहे, भावंडांत वाटणीवरून अबोला आहे. अशा काळात काय करता येतं, तेवढ्यापुरता हा धागा. अध्यात्मावर इतरत्र भरपूर लिहून झालंय, इथे करण्याजोगं लिहू.

माझा मुद्दा असा की घटनेचा त्रास टळत नाही, पण तो दिवसभर जिवंत ठेवण्याचं काम बऱ्याचदा आपण शांत होण्यासाठी करतो त्या गोष्टीच करतात. दर दहा मिनिटांनी मेल उघडणं, "होईल ना सगळं नीट?" असं चार जणांना विचारणं, भांडणातली वाक्यं मनात पुन्हा पुन्हा म्हणणं, विचार दाबणं. यातल्या प्रत्येकाने क्षणभर बरं वाटतं, आणि त्या क्षणभराची चटक लागते. पुढच्या वेळी अस्वस्थता आली की मन तेच मागतं. दाबण्याचं तर डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली प्रयोगातच दाखवलं. पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका म्हटलेल्या लोकांना अस्वल आठवत राहिलंच, आणि नंतर मोकळीक दिल्यावर ते पहिल्यापासून मोकळीक असलेल्यांपेक्षाही जास्त आठवलं.

म्हणून सुरुवात तपासण्या कमी करण्यापासून. आधी दोन दिवस काहीही न बदलता फक्त मोजा: दिवसातून किती वेळा पाहिलं, किती जणांना विचारलं. मग वेळा ठरवा. तीसच्या आसपास आकडा आला तर सहा ठरावीक वेळा, तीन-चार दिवसांनी तीन. एकदम शून्यावर गेलात की दुसऱ्या दिवशी बांध फुटतो आणि आकडा पहिल्यापेक्षा वर जातो. बातमी कधी आणि कुठल्या मार्गाने येऊ शकते, हे एकदाच नीट विचारून घ्या. निकाल शुक्रवारी लागणार असेल तर सोमवार ते गुरुवार पाहण्यातून माहिती मिळत नाही, फक्त छातीत धडधड होते.

दुसरी गोष्ट, काळजीला वेळ नेमून देणं. थॉमस बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ही पद्धत मांडली. रोज एकच वेळ, एकच जागा, अर्धा तास. नवख्यांनी वीस मिनिटं घ्यावीत. पलंगावर नको, आणि झोपेच्या आधीचे दोन-तीन तास नकोत. दिवसभरात काळजी डोकावली की खिशातल्या वहीत तीन-चार शब्द लिहायचे ("अहवाल, बाबा", "नोटीस") आणि हातातल्या कामाकडे वळायचं. ठरल्या वेळी गजर लावून यादी घ्यायची. जे आता क्षुल्लक वाटतंय त्यावर रेघ. उरलेल्यांपैकी प्रत्येकाला एक प्रश्न: येत्या चोवीस तासांत यावर करण्यासारखं काही आहे का? असेल तर काम आणि वेळ लिहा. नसेल तर त्या काळजीसोबत तसंच बसा, उत्तर काढायची घाई नको. गजर झाला की वही बंद, उठायचं आणि हातापायांना काम द्यायचं.

बिघडतं ते तीन ठिकाणी. दिवसा चार शब्दांऐवजी पानभर लिहिलं जातं, म्हणजे काळजी तिथेच करून झाली. यादी फोनवर ठेवली तर ती उघडताना आणखी सतरा गोष्टी उघडतात. आणि तिसरं सगळ्यांत महागात पडतं: एखाद्या दिवशी बरं वाटलं म्हणून ठरलेली बैठक चुकवली जाते. एकदा चुकली की "नंतर बघू" हे मनाला खरं वाटेनासं होतं. यादी रिकामी असली तरी पाच मिनिटं बसाच.

भांडणाबद्दल इथले जाणकार लिहितीलच.

तिसरी घंटा

चांगला धागा. तुमच्या "करण्यासारखं काही आहे का" या प्रश्नावरच लोक अडकतात, म्हणून त्यावर थोडं.

"हातात" आणि "हाताबाहेर" अशा दोन रकान्यांचा तक्ता सगळीकडे फिरतो. मूळ विभागणी एपिक्टेटसची, गुलामगिरीतून सुटून तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाची, आणि ती फार कडक आहे. आपली मतं, इच्छा, नावड आणि प्रयत्न एवढंच आपलं. शरीर, मालमत्ता, नाव, पद हे सगळं पलीकडे. आपण मात्र "मुलाचा अभ्यास", "आईचं पथ्य", "साहेबांचं मत" बिनदिक्कत पहिल्या रकान्यात टाकतो आणि मग ते होत नाही म्हणून स्वतःवर चिडतो.

तीन रकाने करा. पहिल्यात जाण्याची कसोटी अशी: दुसऱ्या कुणाच्याही होकाराशिवाय हे उद्या रात्रीपर्यंत पूर्ण होऊ शकतं का? "निवड होणं" नापास. "मुलाखतीच्या पाच प्रश्नांची उत्तरं लिहून काढणं" पास. "भावाने समजून घेणं" नापास. "भावाला सहा ओळींचं पत्र लिहून पाठवणं" पास. पहिल्या रकान्यात क्रियापद असलंच पाहिजे, आणि ते तुमचं.

मधला रकाना प्रभावाचा. इथे आपण प्रयत्न करू शकतो, निकाल दुसऱ्याकडे असतो. यात प्रत्येक नोंदीपुढे प्रयत्नांची संख्या आणि शेवटची तारीख टाका: "पथ्याबद्दल आईशी दोनदा बोलणार, १५ तारखेपर्यंत." आकडा नसला की हा रकाना माणसाला खाऊन टाकतो, कारण "अजून एकदा सांगून बघू" याला शेवट नसतो. तिसरा रकाना हाताबाहेरचा. त्यात कारणं लिहीत बसू नका, नुसतं नाव पुरे.

एलेन लँगर यांचा १९७५ चा लॉटरीचा प्रयोग इथे आठवतो. ज्यांनी तिकीट स्वतः निवडलं होतं त्यांनी ते विकायला कितीतरी जास्त पैसे मागितले. जिंकायची शक्यता सगळ्यांची सारखीच होती. हात लागला की ताबा आहे असं वाटतं. काळजीचंही तेच: रात्रभर काळजी केली की आपण त्या गोष्टीसाठी काहीतरी केलं असं वाटतं, म्हणून ती सोडताना अपराधी वाटतं. हे ओळखता आलं तर अर्धी लढाई झाली.

पहिल्या रकान्यातली कामं "जर-तर"मध्ये लिहा. पीटर गॉल्विट्झर यांच्या संशोधनात असा ठराव नुसत्या निश्चयापेक्षा जास्त पाळला गेला आहे. "वकिलांशी बोलेन" असं नको. "मंगळवारी चहा झाला की खुर्चीतून उठण्याआधी वकिलांना फोन करेन."

सुसाट गोगलगाय

वाचनखूण साठवली आहे. एक शंका. सगळे "दीर्घ श्वास घ्या" म्हणतात. घाबरलेल्या माणसाला ते सांगितलं की बरेचदा तो आणखी घाबरतो, चक्कर येते म्हणतो. मग हा उपाय आहे की अपाय?

फुंकर

@सुसाट गोगलगाय, उपाय आहे, पण "दीर्घ" या शब्दाने घोळ होतो. घाबरलेला माणूस आधीच जास्त हवा आत-बाहेर करत असतो. त्याला मोठे श्वास घ्यायला लावले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड आणखी उतरतो. ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या, डोकं हलकं होणं, छाती आवळल्यासारखी वाटणं हे त्याचेच परिणाम. त्याला वाटतं हवा पुरत नाही, म्हणून तो आणखी ओढतो.

श्वास हळू हवा, मोठा नको. नाकाने चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर. एकूण दहा, म्हणजे मिनिटाला सहा. आत घेतलेली हवा रोजच्या श्वासाएवढीच, एक तळहात पोटावर, खांदे वर जाता कामा नयेत. उच्छ्वास लांबवण्याचं कारण असं की श्वास सोडताना व्हेगस नर्व्हचा (मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या मज्जातंतूचा) हृदयावरचा लगाम घट्ट होतो आणि ठोके मंदावतात. पाच मिनिटं पुरतात. चार-सहा जमत नसेल, हवेची भूक लागत असेल, तर तीन-चारपासून सुरू करा आणि आठवड्याने वाढवा. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी श्वास रोखून धरण्याचे प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. या पद्धतीत रोखणं नाहीच.

काही लोक याही उपायाने बिथरतात. शांत व्हायला बसलं की अस्वस्थता वाढते, हे खरंच घडतं आणि १९८३ पासून त्यावर अभ्यास झालेला आहे. अशांनी डोळे उघडे ठेवावेत किंवा श्वासाचा नाद सोडून स्नायूंकडे वळावं. एडमंड जेकबसन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विकसित केलेल्या पद्धतीचं आजचं छोटं रूप असं: उजवी मूठ आणि पुढचा हात पाच ते सात सेकंद आवळा, मग एकदम सोडा आणि वीस ते तीस सेकंद त्या हातातला फरक न्याहाळा. मग डावा हात, दंड, कपाळ, डोळे, जबडा, मान, खांदे, पोट, मांड्या, पोटऱ्या, पावलं. जोर पूर्ण लावू नका, साधारण दोन-तृतीयांश. पोटरी आणि पाऊल तर दोनच सेकंद, नाहीतर पेटके येतात. दुखऱ्या जागेला वगळा. सोडण्याचा वेळ आवळण्यापेक्षा तिप्पट-चौपट असतो, लोक नेमका तोच कापतात आणि "काही फरक नाही" म्हणतात.

मुख्य म्हणजे हे शांत वेळी करायचं असतं, दिवसातून दोनदा, निदान दोन आठवडे. पुरात पडल्यावर पोहायला शिकता येत नाही.

आडवा प्रश्न

सगळं छान. पण हा सगळा खटाटोप माणसाला गप्प बसवण्याचा नाही का? साहेब छळतो, श्वास मोजा. नातेवाईक जमीन हडपतात, रकान्यात लिहा. अन्याय करणाऱ्याला याहून सोयीचं काय असेल?

कोरा कागद

@आडवा प्रश्न, प्रश्न योग्य जागी आहे. शांतता आणि टाळाटाळ बाहेरून सारख्याच दिसतात. ओळखायची खूण सोपी: टाळाटाळ असेल तर पाकीट फोडलेलं नसतं. नोटीस वाचलेली नसते, अहवाल आणायला जायचं पुढे ढकललं जातं, तो विषय निघाला की माणूस खोलीतून उठतो. स्वीकार असेल तर कागद वाचलेले असतात, तारखा लिहिलेल्या असतात, आणि तरी जेवण गोड लागतं. दोन आठवडे तुमचा पहिला रकाना रिकामा असेल आणि तुम्ही "मी आता शांत आहे" म्हणत असाल, तर संशय घ्या.

अवांतर: पतंजलींनी चित्त प्रसन्न ठेवायला चार वृत्ती सांगितल्या आहेत. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, चांगलं वागणाऱ्याबद्दल आनंद आणि वाईट वागणाऱ्याबद्दल उपेक्षा. उपेक्षा दुःखाच्या वाट्याला दिलेलीच नाही. आपण ती सरसकट वापरतो.

आडवा प्रश्न

पण वाईट वागणाऱ्याबद्दल उपेक्षा म्हणजे तेच झालं की!

तिसरी घंटा

नाही झालं. तक्रार अर्ज पहिल्या रकान्यात आहे, तो द्या. रात्री अकरा वाजता त्या माणसाशी मनातल्या मनात वाद घालणं कुठल्याच रकान्यात बसत नाही. उपेक्षा त्या वादाची. अर्ज लिहायलासुद्धा डोकं थंड लागतं: तारीख, वेळ, काय घडलं, कोण हजर होतं, एवढंच क्रमाने. तापलेल्या डोक्याने लिहिलेल्या अर्जात विशेषणं जास्त आणि तारखा कमी असतात.

मधला दुवा

भांडणाबद्दल लिहितो. आधी एक अट. मारहाण, धमकी, पैसे किंवा फोन काढून घेणं, घराबाहेर पडू न देणं यातलं काही असेल तर खालचं काहीही लागू नाही. तिथे आधी सुरक्षित जागा, विश्वासातलं माणूस आणि कायद्याची मदत. शांतपणे बोलून बघण्याचा सल्ला तिथे घातक ठरू शकतो.

उरलेल्या, म्हणजे रोजच्या, भांडणांसाठी जॉन गॉटमन यांच्या जोडप्यांवरच्या संशोधनातली एक गोष्ट फार कामाची आहे. नाडी मिनिटाला शंभरच्या वर गेली की समोरच्याचं ऐकून घेण्याची क्षमता घसरते. त्यानंतरचा प्रत्येक मुद्दा वाया जातो, तो कितीही बरोबर असो. मनगटावर पंधरा सेकंद ठोके मोजा. पंचवीसपेक्षा जास्त भरले की थांबायची वेळ झाली. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांची नाडी औषधामुळे चढत नाही. त्यांनी आवळलेला जबडा, चढलेला आवाज आणि एकच वाक्य तिसऱ्यांदा म्हणणं, या खुणा धरायच्या.

थांबण्याची मुदत कमीत कमी वीस मिनिटं, कारण शरीराला खाली यायला तेवढा वेळ लागतोच. जास्तीत जास्त दुसऱ्या दिवसापर्यंत. उठताना तीन गोष्टी बोलायच्या: मी थांबतोय, मी परत येणार, अमुक वाजता. "माझं डोकं तापलंय, आत्ता बोललो तर भलतंच बोलेन. साडेआठला बसू." वेळ न सांगता उठलं की समोरच्याला ते सोडून गेल्यासारखं वाटतं आणि तो मागे मागे येतो, मग दारातच दुसरी फेरी सुरू. आणि ज्याने वेळ मागितली त्यानेच साडेआठला येऊन बसायचं. दोनदा चुकलात की ही सोय कायमची गेली. हा नियम शांत वेळी दोघांनी आधीच ठरवून ठेवावा, ऐन भांडणात तो अपमानासारखा लागतो.

त्या वीस मिनिटांत काय करता यावर सगळं आहे. "आता गेलो की असं म्हणेन" अशी जुळवाजुळव चालू असेल तर नाडी खाली येत नाही, माणूस फक्त दारूगोळा भरून परत येतो. चाला, कपड्यांच्या घड्या घाला, वेगळ्या विषयावरचं काहीतरी वाचा. उशीवर गुद्दे मारून राग काढायचा सल्ला विसरा. ब्रॅड बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात ज्याचा राग आला होता त्याला डोळ्यांसमोर आणून गुद्दे मारणाऱ्यांचा राग वाढला होता. काहीच न करता बसलेले त्यांच्यापेक्षा शांत होते.

लेखी भांडणाचं वेगळं. डिवचणारा निरोप आला तर आधी त्यात उत्तराची खरंच गरज असलेलं वाक्य शोधा. बहुधा एकच असतं, कधी तेही नसतं. उत्तर चार-पाच ओळींचं. फक्त माहिती, सौम्य सुरुवात, जुना इतिहास नाही, शेवटी एक प्रश्न ज्याचं उत्तर हो, नाही किंवा तारीख असेल. "नेहमी", "कधीच", "तुम्हीच" हे तीन शब्द पाठवण्याआधी शोधून काढून टाका. समजा आलेला निरोप असा आहे: "तुला कधीच कशाची फिकीर नव्हती, कागदपत्रंसुद्धा मलाच करावी लागणार." उत्तर: "निरोप मिळाला. सातबाऱ्याचा उतारा आणि वारसनोंद मी काढतो. इतर काही कागद लागणार असतील तर यादी शुक्रवारपर्यंत पाठवशील का?" फिकिरीबद्दल एक अक्षर नाही. रात्री लिहिलेलं सकाळी पाठवा.

दोघांच्या भांडणात तिसरे असाल तर निरोप्या होऊ नका. "हे तू त्यालाच सांग, मी दोघांचंही ऐकेन पण पोचवणार नाही" हे एकदा सांगितलं की आठवडाभर कुरकुर होते आणि मग फोन कमी होतात.

सुसाट गोगलगाय

श्वासाचं आता लक्षात आलं, आभार. आणि रात्री? दिवसा सगळं जमतं, तीन वाजता जाग आली की तोच खटला पुन्हा बोर्डावर.

फुंकर

पहाटे तीन वाजता कुठलाही निर्णय घ्यायचा नाही, हा नियम भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे. बाकी रिचर्ड बूटझिन यांची १९७२ पासूनची पद्धत अजून टिकून आहे. अंदाजे पंधरा-वीस मिनिटं झोप लागली नाही तर उठा. अंदाजे म्हणतेय, घड्याळ बघायचं नाही, ते उलटं करून ठेवा. दुसऱ्या खोलीत मंद उजेडात कंटाळवाणं काहीतरी करा आणि डोळे मिटायला लागले की परत या. पुन्हा झोप नाही आली तर पुन्हा उठा. सकाळी उठायची वेळ मात्र रोज तीच, रात्र कशीही गेलेली असो. लोक इथेच सवलत घेतात आणि पुढची रात्र बिघडवतात.

झोपण्याआधी पाच मिनिटं उद्याच्या कामांची यादी लिहा. २०१८ च्या एका प्रयोगात अशी यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोप लागली. ही काळज्यांची यादी नाही, कामांची आहे. कॅफिन निम्मं उतरायला सरासरी पाचेक तास लागतात. संध्याकाळी सहाच्या कॉफीतलं अर्धं रात्री अकराला अंगात असतं.

खिडकी

युद्ध, दंगली, आपत्ती यांच्या बातम्यांबद्दल कुणीच लिहिलं नाही. हाताबाहेरच्या गोष्टींत सगळ्यांत मोठा वाटा त्यांचाच असतो.

२०१३ च्या बॉस्टन मॅरेथॉन स्फोटांनंतर झालेल्या अभ्यासात, पुढच्या आठवड्यात रोज सहा किंवा जास्त तास त्या बातम्या पाहणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष स्फोटाच्या ठिकाणी असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली होती. यातून बातम्याच ताण देतात असं सरळ सिद्ध होत नाही, आधीच ताणलेला माणूस जास्त बघत असेल हेही शक्य आहे. पण मर्यादा घालायला एवढं कारण पुरे.

दिवसातून दोनदा, पंधरा-पंधरा मिनिटं. व्हिडिओ नको, मजकूर वाचा. चित्रं मनात चिकटतात आणि तीच तीच परत दाखवली जातात. सूचना बंद. उठल्यावरचा पहिला आणि झोपण्याआधीचा शेवटचा तास मोकळा. वाचून झाल्यावर पहिल्या रकान्याचा प्रश्न विचारा: मदत पाठवायची आहे का, कुणाची चौकशी करायची आहे का? करा आणि बंद करा. जवळचं माणूस त्या भागात अडकलं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा घरातल्या एकाच व्यक्तीने संपर्क ठेवावा, वेळ ठरवून घ्यावी आणि तिनेच बाकीच्यांना कळवावं. वीस जणांनी एकाला फोन केले तर त्याची बॅटरीच संपते.

मधला दुवा

+१. यात मैत्रीतल्या गप्पाही घाला. मन मोकळं करणं चांगलंच, पण तीच गोष्ट त्याच मित्रासोबत रोज तासभर उगाळली की दोघंही खाली जातात. अमांडा रोझ यांच्या २००२ च्या अभ्यासात अशा उगाळण्यामुळे मैत्री घट्ट आणि मन उदास, असं दुहेरी चित्र दिसलं. बसतानाच सांगा: "सल्ला नकोय, पंधरा मिनिटं ऐक," किंवा "ऐकू नकोस, पुढचं पाऊल सुचव." कोणाला सांगायचं नसेल तर जेम्स पेनेबेकर यांची पद्धत: सलग तीन-चार दिवस, रोज पंधरा ते वीस मिनिटं, शुद्धलेखनाची पर्वा न करता, काय झालं आणि काय वाटतंय ते दोन्ही लिहायचं. लिहून झाल्या झाल्या वाईट वाटतं, हे अपेक्षित आहे, म्हणून झोपताना नको. आघात अगदी ताजा असेल तर काही आठवडे थांबा. चौथ्या दिवशीही पहिल्याच दिवसाची वाक्यं उतरत असतील तर हा मार्ग बंद करा.

अर्धविराम

काही गोष्टींना निकालच नसतो. बेपत्ता माणूस, स्मृती गेलेले वडील, बोलणं कायमचं तोडलेली बहीण. पॉलिन बॉस यांनी अशा अनिश्चित वियोगावर १९७० च्या दशकापासून काम केलं आहे. तिथे "एकदाचं मिटवून टाक" हा सल्ला क्रूर होतो. त्यांचा मार्ग दोन उलट वाक्यं एकत्र धरण्याचा: वडील समोर आहेत आणि माझे वडील आता नाहीत. बहीण परत येईल, आणि कदाचित नाही येणार. एकच वाक्य निवडायचा हट्ट धरला की माणूस मधेच अडकतो. व्यवहारात याचा अर्थ असा की त्या माणसासाठी काय राखून ठेवायचं (खोली, वाढदिवस, फोन नंबर) आणि काय पुढे न्यायचं (घराचे निर्णय, सहली), ते घरच्यांनी बसून वेगवेगळं ठरवावं. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत थांबू नये.

फुंकर

एक राहिलं. हे सगळे उपाय कधी पुरत नाहीत, ते लिहिणं गरजेचं आहे. उदासी किंवा कशातच रस नसणं दोन आठवडे जवळपास रोज असेल, काळजी आटोक्यात न येता सहा महिने बहुतेक दिवस चालू असेल, झोप-जेवण-काम यांतलं काही कोसळलं असेल, दारू किंवा झोपेच्या गोळ्यांचं प्रमाण वाढत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक गाठा. जीव द्यायचे विचार येत असतील तर त्याच दिवशी, एकटं न राहता, जवळच्या हेल्पलाइनला किंवा रुग्णालयात. आणि छातीत दुखणं, धडधड, थरथर हे सगळं "टेन्शन" म्हणून खपवू नका. थायरॉइड आणि हृदयाची तपासणी एकदा करून घ्या.

सुसाट गोगलगाय

@कोरा कागद, शेवटचं विचारतो. काळजीच्या यादीत तीच नोंद रोज आली तर? "अहवाल, बाबा" पंधरा दिवस तशीच.

कोरा कागद

तिसऱ्या दिवशीही तीच नोंद आली आणि करण्यासारखं नवीन काही नसेल तर ती रोज लिहू नका. वेगळ्या चिठ्ठीवर नाव आणि पुढची खरी तारीख टाका, म्हणजे ज्या दिवशी नवी माहिती येऊ शकते तो दिवस. चिठ्ठी वहीच्या मागच्या पानात. मधे आठवण आली की फक्त तारीख वाचायची. तारीख पुढे गेली तर चिठ्ठीवरची तारीख बदलायची, नवी चिठ्ठी नाही.

तरीही तीच भीती रोज उसळत असेल तर एक कठीण प्रकार आहे. ज्याची भीती वाटते तो प्रसंग पूर्ण तपशिलात, वर्तमानकाळात एकदा लिहायचा, आणि रोज पंचवीस-तीस मिनिटं तो वाचत त्या भीतीजवळ बसायचं, ती ओसरायला लागेपर्यंत. दहाव्या मिनिटाला उठलात तर भीती शिखरावर असताना उठाल आणि ती पक्की होईल. म्हणून पहिल्या काही वेळा समुपदेशकासोबत करणं बरं.

जुनी पानं फाडू नका. महिना झाला की मागे जाऊन प्रत्येक नोंदीपुढे खूण करा: घडलं नाही त्यापुढे शून्य, घडलं पण निभावलं त्यापुढे बरोबरची खूण, अजून लटकतंय त्यापुढे प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्हं नव्या महिन्याच्या पहिल्या पानावर उतरवायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही.